डिक्कीतला सब (सबवूफर, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर) अचानक मुका झाला तर वायरिंग कशी तपासायची

गेल्या दिवाळीत भाचा पुण्याहून गाडी घेऊन इंदूरला आला. रामबागेत घरासमोर गाडी लावली, आजीच्या पाया पडला आणि चहा येईपर्यंत त्याने विषय काढलाच. "मामा, धुळ्यापर्यंत सब मस्त वाजत होता रे. घाट चढून सेंधव्यात आलो आणि एकदम बंद. वाटेत राऊला एकाला दाखवला, तो म्हणाला, 'भिया, अँप उड गया, नया डलेगा.'" नव्या अँपच्या किमतीची चिठ्ठीही त्याच्या खिशात होती.

चहा झाल्यावर आम्ही डिक्की उघडली आणि कार्पेट उचललं. अँपची काळी वायर ज्या बोल्टने बॉडीला कसली होती, तो बोल्ट नुसत्या बोटाने फिरला. लगच्या, म्हणजे वायरच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीच्या, खाली गाडीचा रंग जसाच्या तसा होता. पॉलिश पेपरने रुपयाच्या नाण्याएवढी जागा घासून पांढरं लोखंड काढलं, दातेरी वॉशर घालून बोल्ट कसला. वीस मिनिटांत सब वाजायला लागला.

पीथमपूरला गाड्यांच्या वायरिंगच्या कामात माझी वीस वर्षं गेली. घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या, मित्रांच्या गाड्यांतले सब मी सुट्टीच्या दिवशी दुरुस्त करतो. इतक्या वर्षांत हेच पाहिलं, की अँप आणि सब सहसा जात नाहीत, जातात ते जोड. वायर आणि लगचा जोड, लग आणि बॉडीचा जोड, फ्यूज आणि त्याच्या होल्डरचा जोड. ज्यांनी मल्टीमीटर आजवर हातात धरलेला नाही, त्यांनाही आपल्या गाडीतला असा जोड स्वतः शोधता यावा, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. लेखात 'अँप' म्हणजे अँप्लिफायर, स्टिरिओच्या सिग्नलला ताकद देऊन सब वाजवणारं यंत्र. करंट मोजायचं एकक आलं की पूर्ण 'अँपिअर' लिहीन.

आधी करंटचा रस्ता

बॅटरीच्या प्लसवरून जाड लाल वायर निघते. एका मोठ्या फ्यूजमधून ती बॉनेट आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून आत येते, कार्पेटखालून मागे जाते आणि अँपच्या प्लस टर्मिनलला लागते. करंट अँपमधून बाहेर पडतो तो काळ्या वायरने. ही काळी वायर जवळच बॉडीच्या लोखंडाला कसलेली असते, आणि पुढे गाडीची सगळी बॉडीच वायरचं काम करून करंट बॅटरीच्या मायनसला परत नेते. बॉडीशी असलेल्या ह्या जोडाला 'अर्थ' (अर्थिंगमधला) म्हणतात. ह्या वाटेचा परतीचा अर्धा भाग डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिथला दोष सगळ्यात उशिरा सापडतो.

तिसरी एक बारीक वायर असते, रिमोट. ती स्टिरिओकडून येते. स्टिरिओ चालू झाला की तिच्यात १२ व्होल्ट येतात आणि अँप जागा होतो. बाजारातल्या बहुतेक स्टिरिओंना ती निळी, पांढऱ्या पट्ट्याची असते. गाण्याचा सिग्नल मात्र वेगळ्या वाटेने, आरसीए केबलने (टोकाला गोल पिन असलेली सिग्नलची केबल) येतो आणि अँपमधून स्पीकरच्या वायरने सबच्या कॉइलपर्यंत जातो.

एवढासा सैल जोड इतका त्रास का देतो, ह्याचा हिशेब एकदा करून बघा. ५०० वॉटचा अँप पूर्ण जोरात असताना बॅटरीकडून साधारण ४५ अँपिअर मागतो. जोडात फक्त ०.०५ ओहमचा अडथळा असला तर ४५ गुणिले ०.०५, म्हणजे सव्वादोन व्होल्ट तिथेच खाल्ले जातात. ४५ चा वर्ग गुणिले ०.०५ केलं तर शंभर वॉट येतात, आणि ती सगळी उष्णता त्या एका बोल्टपाशी तयार होते. फ्यूजचे होल्डर वितळलेले दिसतात ते ह्यामुळेच. ०.०५ ओहम म्हणजे रंगाचा पातळ थर किंवा किंचित ढिला स्क्रू.

हातात काय काय हवं

साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो. इंदूरच्या महाराणी रोडच्या इलेक्ट्रिकच्या बाजारात तो सहज मिळतो. त्याच्यासोबत १० नंबरचा पाना, पेचकस, वायर सोलायचा चिमटा, लग दाबायचं क्रिम्पिंग प्लायर, थोडे तांब्याचे लग, ८० नंबरचा पॉलिश पेपर, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आक्रसून जोडावर घट्ट बसणारी नळी) आणि अँपवर लिहिलेल्या आकड्याचे दोन जादा फ्यूज घ्या. एक पेन्सिल सेल ठेवा. मोबाईलच्या हेडफोन पिनपासून आरसीएपर्यंत जाणारी एक केबल ठेवा, ती जेल रोडवर कुठेही मिळते. फोनला हेडफोनचं भोक नसेल तर त्याचा जोडही घ्या. शेवटची वस्तू म्हणजे हेडलाइटचा जुना पण चालू ५५ वॉटचा बल्ब, दोन वायरी सोल्डर केलेला. तो कशाला, ते पुढे येईलच.

हात घालण्याआधी

अंगठी, कडं, धातूचं घड्याळ काढून ठेवा. वायर कापायची, सोलायची किंवा कसायची असेल तेव्हा बॅटरीचा मायनस आधी काढा आणि जोडताना तो सगळ्यात शेवटी लावा. कारण सरळ आहे: प्लस खोलताना पाना चुकून बॉडीला टेकला तर बॅटरी शॉर्ट होते आणि पाना तापून लाल होऊ शकतो. मायनस आधी सुटलेला असला तर पाना टेकूनही काही होत नाही. मोजमापं मात्र बॅटरी जोडलेली असतानाच घ्यायची आहेत, म्हणून त्या वेळी मीटरच्या सुया एकमेकींना आणि शेजारच्या टर्मिनलला लागू देऊ नका.

सीटखाली आणि खांबांच्या कव्हरमध्ये पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे आहेत. त्यांना मीटर लावायचा नाही, बल्ब तर नाहीच नाही. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत जाड नारिंगी केबल दिसली तर तिच्यापासून लांब राहा, ती जीवघेण्या व्होल्टेजची असते.

पहिली पायरी: रोग ओळखा

पाना उचलण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा आणि ऐका. अँपवरचा दिवा लागतो का? लागला तर हिरवा-निळा की लाल? दिवा लागतच नसेल तर गोष्ट प्लस, मायनस आणि रिमोट ह्या तिघांतली आहे, सबकडे बघायचीही गरज नाही. दिवा नीट लागतो पण आवाज नाही, तर सिग्नल किंवा सबची वायर. लाल दिवा म्हणजे अँपने स्वतःला वाचवायला दार लावून घेतलं आहे. हळू आवाजात वाजतो आणि जोरात केला की बेसच्या प्रत्येक ठोक्याला बंद पडतो, तर व्होल्टेज पडतंय, बहुधा अर्थ. गाडीची रेस वाढवली की आवाजासोबत शिट्टी चढत जाते, तर तो वेगळा रोग, त्याच्याकडे नंतर येऊ.

दुसरी पायरी: तीन टर्मिनलं मोजा

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. इंजिन बंद, गाडी तासभर उभी असलेली. बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६ च्या आसपास आकडा हवा. १२.२ च्या खाली असेल तर आधी बॅटरी चार्ज करा, नाहीतर पुढचं प्रत्येक माप फसवेल. इंजिन चालू केल्यावर हाच आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान जातो. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) गरजेप्रमाणे व्होल्टेज कमी-जास्त करतो, तिथे थोडा फरक दिसला तर घाबरू नका.

आता डिक्कीत या. स्टिरिओ चालू ठेवा. काळी सुई अँपच्या मायनस टर्मिनलवर धरा आणि लाल सुई आधी प्लसवर, मग रिमोटवर. दोन्हीकडे बॅटरीएवढंच व्होल्टेज आलं आणि तरी दिवा नाही, तर अँपचा स्वतःचा फ्यूज बघा. तो अँपच्या कडेलाच खोचलेला असतो.

प्लसवर शून्य आलं, तर लाल सुई तशीच राहू द्या आणि काळी सुई अँपच्या टर्मिनलऐवजी बॉडीच्या कुठल्या तरी उघड्या, स्वच्छ बोल्टवर लावा. आता १२ दिसले तर प्लस ठीक आहे, अर्थ तुटला आहे. अजूनही शून्य असेल तर पुढे जाऊन बॅटरीजवळचा मोठा फ्यूज तपासा. फ्यूज नुसता बघून ठरवू नका. काचेच्या फ्यूजमधली पट्टी अखंड दिसते आणि टोपीखाली तुटलेली असते. फ्यूज जागेवर असताना त्याच्या दोन्ही टोकांवर वेगवेगळं व्होल्टेज मोजा. एका बाजूला १२ आणि दुसरीकडे शून्य, तर फ्यूज गेला.

गेला तर का गेला, हे शोधल्याशिवाय नवा घालू नका. लाल वायर पत्र्याच्या भोकातून जिथे आत येते तिथे रबराचं ग्रोमेट (भोकाच्या काठाला बसणारी कडी) नसेल, तर पत्र्याची धार इन्सुलेशन कापते. सीटची रेल सरकताना वायर चिरडते, दाराच्या पट्टीचा स्क्रू नेमका वायरीतून जातो. बॅटरी सोडवून मीटर कंटिन्युइटीवर (दोन सुयांमध्ये अखंड वाट असली की बीप देणारी सेटिंग) ठेवा, लाल वायर दोन्ही टोकांना मोकळी करा आणि ती आणि बॉडी ह्यांच्यात बीप येतो का बघा. बीप आला तर वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे.

फ्यूजच्या जागी तार गुंडाळणं, चंदेरी कागद लावणं, किंवा वारंवार जातो म्हणून दुप्पट आकड्याचा घालणं, हे कृपा करून करू नका. मोठा फ्यूज अँपला वाचवायला नसतो, तो वायरला आग लागू नये म्हणून असतो. त्याच कारणाने तो बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. गेज म्हणजे वायरच्या जाडीचं माप, आकडा जितका लहान तितकी वायर जाड. अस्सल तांब्याच्या ८ गेज वायरला ५० ते ६० अँपिअर, ४ गेजला १०० ते १२५, ह्यापुढे जायचं नाही.

रिमोटवर व्होल्टेज नसेल तर स्टिरिओच्या मागे बघावं लागेल. तिथे दोन निळ्या वायरी असतात, नुसती निळी आणि निळी-पांढरी. नुसती निळी अँटेनाची असते आणि काही स्टिरिओंमध्ये ती फक्त रेडिओ लावला असतानाच जिवंत होते. रेडिओवर सब वाजतो आणि ब्लूटूथवर वाजत नाही अशी तक्रार घेऊन कोणी आलं, की मी पहिल्यांदा ह्याच दोन वायरींकडे बघतो.

तिसरी पायरी: अर्थ, आणि इथे घाई करू नका

नवशिके इथेच फसतात, म्हणून थोडं विस्ताराने सांगतो. मीटर व्होल्टेज मोजताना जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. त्यामुळे वायरीचे पन्नास धागे तुटून एकच शिल्लक असला तरी मीटर ऐटीत १२.६ दाखवतो. अँपने ४५ अँपिअर मागितले की तो एक धागा काय करणार? म्हणून जोड नेहमी ओझ्याखाली तपासायचा.

पहिली रीत बल्बची. अँपच्या प्लस आणि मायनस टर्मिनलवर तो ५५ वॉटचा बल्ब लावा. तो साडेचार अँपिअर ओढतो. बल्ब लख्ख पेटला आणि व्होल्टेज दोन-तीन दशांशाहून जास्त पडलं नाही, तर वायर निदान ह्या ओझ्याला ठीक आहे. बल्ब मंद पेटला तर दोष पक्का. बल्ब फार लवकर तापतो, काच हाताला किंवा कार्पेटला लागू देऊ नका, दहा सेकंदांत काढा. आणि हा बल्ब रिमोट वायरला कधीच लावू नका. स्टिरिओच्या आतलं ते सर्किट इतकं ओझं झेलायला बनवलेलं नसतं, लगेच जळतं.

दुसरी रीत जास्त पक्की. सब थोडाफार वाजत असेल तर इंजिन चालू करा, बेस असलेलं गाणं जोरात लावा, आणि लांब वायरीने मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनसवर, दुसरी अँपच्या मायनस टर्मिनलवर धरा. दोन्ही मायनसच आहेत, मग आकडा शून्याजवळ हवा. ठोक्याला ०.१ किंवा ०.२ व्होल्टपर्यंत गेला तर चालेल. ०.५ च्या वर उडाला तर परतीची वाट खराब आहे. मग एक सुई अँपच्या मायनसवर ठेवा आणि दुसरी बॉडीवरच्या बोल्टजवळ, उघड्या पत्र्यावर. इथेच मोठा आकडा आला तर तो लग आणि बोल्ट दोषी. आला नाही, तर बॅटरीच्या मायनसपासून बॉडीकडे जाणारी गाडीची मूळ जाड वायर तपासा, तिच्यावर पांढरी-हिरवी बुरशी धरलेली असू शकते. प्लसची वाटही अशीच मोजता येते, बॅटरीच्या प्लसपासून अँपच्या प्लसपर्यंत.

अर्थ ढिला असला की सब नुसता बंद पडत नाही, कधीकधी स्टिरिओही जातो. काळी वायर सुटली तरी करंट परत जायला वाट शोधतोच, आणि ती त्याला आरसीए केबलच्या बाहेरच्या जाळीतून सापडते. केसाएवढ्या त्या जाळीतून आणि स्टिरिओच्या आतल्या नाजूक पट्टीतून अँपचा करंट गेला तर ती पट्टी जळते. म्हणून अर्थ सुटलेला आहे असा संशय आला की आधी आरसीए काढून ठेवा, मग बाकीचं.

अर्थ दुरुस्त करायचा तो असा. वायर लाल वायरीएवढ्याच जाडीची हवी आणि शक्य तेवढी आखूड, अर्ध्या मीटरच्या आत. जागा निवडताना मूळ सांगाड्याचं जाड लोखंड निवडा. सीटबेल्टचा बोल्ट मोह पाडतो, पण तो जीव वाचवायला आहे, त्याच्याखाली लग घालू नका. पत्र्यात नवं भोक पाडणार असाल तर खाली वाकून पाहा, पेट्रोलची टाकी किंवा ब्रेकचा पाइप नेमका तिथे असतो. रंग पूर्ण घासा, लोखंड चकचकीत दिसलं पाहिजे. दातेरी वॉशर, लग, बोल्ट, घट्ट कसा. मग वरून रंग किंवा ग्रीस लावा, म्हणजे पाऊसपाण्यात गंज चढणार नाही. ज्या गाड्यांत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं, त्यांच्या बॅटरीच्या मायनसवर करंट मोजणारा एक छोटा डबा बसवलेला असतो. अशा गाडीत अँपची काळी वायर थेट बॅटरीच्या मायनसला जोडू नका. तो करंट डब्यातून जात नाही आणि गाडीचा बॅटरीचा हिशेब चुकतो.

चौथी पायरी: सिग्नल

अँपचा दिवा ठीक, व्होल्टेज ठीक, आवाज नाही. सगळं बंद करा, अँपमधून आरसीए काढा, फोनची ती केबल लावा, फोनचा आवाज कमी ठेवून अँप चालू करा. सब वाजला? मग अँप आणि सब दोन्ही निर्दोष. दोष आरसीए केबलमध्ये किंवा स्टिरिओत आहे. स्टिरिओच्या सेटिंगमध्ये सबवूफर बंद आहे का, हे आधी बघा. बॅटरी सोडवून जोडल्यावर ही सेटिंग पुसली गेलेली मी अनेकदा पाहिली आहे.

आरसीए नेहमी सगळं बंद असतानाच काढा-घाला.

कंपनीचाच टचस्क्रीन असलेल्या गाड्यांत बऱ्याचदा आरसीए नसतेच, मागच्या स्पीकरच्या वायरींतून सिग्नल चोरलेला असतो. तिथे वायर न कापता चिमटीत धरणारे प्लास्टिकचे टॅप वापरतात. ते घाईच्या कामाला बरे, पण खड्ड्यांनी ढिले होतात. सापडले तर काढा आणि तिथे नीट सोल्डर करा.

पाचवी पायरी: सबची कॉइल आणि तिची वायर

अँपवरून स्पीकरच्या दोन्ही वायरी सोडवा. मीटर २०० ओहमवर. दोन्ही सुया एकमेकींना टेकवून किती दाखवतो ते लक्षात ठेवा, तेवढा आकडा पुढच्या मापातून वजा करायचा. आता दोन वायरींच्या टोकांवर मोजा. ४ ओहमच्या सबला ३.२ ते ३.८, २ ओहमच्या सबला १.६ ते १.९ असं काहीतरी यावं. मीटरने अखंड वाट नाही असं दाखवलं तर सबच्या डब्याच्या मागच्या टर्मिनलवर थेट मोजा. तिथे ठीक आलं तर वायर तुटली आहे, तिथेही नाही तर सब उघडून कॉइलवरच मोजा. डब्याच्या आतल्या खोचलेल्या क्लिपा सुटलेल्या असू शकतात, तेवढ्यावरून सब भंगारात गेल्याचं मी पाहिलं आहे.

मीटर लावलेला ठेवून सबचा शंकू (पुढचा हलणारा पडदा) दोन्ही बाजूंनी बोटांनी सारखा, अगदी हळू आत दाबा. आकडा एकदम गायब झाला तर शंकूला जाणारी विणलेली तार आतून तुटली आहे. घासल्याचा आवाज आला तर कॉइल जळून फुगली आहे, तिथे वायरिंगचं काम संपतं.

दोन कॉइलचा सब असेल तर जोडणी तपासा. ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या तर २ ओहम होतात, एकामागे एक जोडल्या तर ८. अँपवर कमीत कमी २ ओहम लिहिलेलं असताना त्याला १ ओहम दिला, तर तो काही दिवस वाजेल आणि भर उन्हाळ्यात, बंद डिक्कीत, बरोबर लाल दिवा लावेल.

दुरुस्तीनंतर बेस पोकळ वाटायला लागला तर प्लस-मायनस उलटे लागले असतील. पेन्सिल सेल क्षणभर वायरींना लावा: सेलचा प्लस सबच्या प्लसला असताना शंकूने बाहेर उडी मारली पाहिजे. दोन सब असतील आणि एक उलटा असेल तर दोघे एकमेकांचा बेस गिळतात, आणि माणूस विनाकारण अँपचा गेन वाढवत बसतो.

लाल दिवा

क्रम पाळा. अँप बंद करून स्पीकरच्या वायरी काढा, चालू करा. लाल दिवा गेला, तर दोष सबमध्ये किंवा त्याच्या वायरीत. दोन्हींपैकी कुठलीही वायर बॉडीला लागत नाही ना, हे मीटरने बघा. सबची मायनस वायरही बॉडीला लागता कामा नये, बहुतेक मोनो (एकाच चॅनेलच्या) अँपमध्ये ती अर्थ नसते. दिवा गेला नाही तर आरसीएही काढा. फक्त प्लस, मायनस, रिमोट जोडलेले आहेत, तिन्ही ठिकाणी व्होल्टेज ठीक आहे आणि तरी लाल, तर अँप खरंच आतून गेला आहे. आता खुशाल दुरुस्तीवाल्याकडे जा, तुम्ही काय काय तपासलं ते आकड्यांसकट सांगा.

रेससोबत चढणारी शिट्टी

ही शिट्टी अल्टरनेटरची. आरसीए काढून बघा. शिट्टी थांबली तर ती सिग्नलच्या वाटेने येते आहे. स्टिरिओचा अर्थ आणि अँपचा अर्थ ह्यांच्यात व्होल्टेजचा फरक पडला की हे होतं, म्हणून आधी तिसरी पायरी पुन्हा करा. मग आरसीए आणि लाल वायर एकाच बाजूने, एकमेकींना चिकटून नेल्या आहेत का ते बघा. एक ड्रायव्हरच्या बाजूने, दुसरी डाव्या बाजूने न्या. आवाज फिल्टर करायचा डबा विकत घेण्याआधी हे दोन्ही करा.

तुटलेली वायर जोडताना

वायर पीळ देऊन वर टेप गुंडाळणं ही आपल्याकडची सगळ्यात जुनी सवय. मे महिन्यात इंदूरला पारा चाळिशी ओलांडतो, उन्हात उभ्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त. टेपचा गोंद वितळतो, टेप सरकते, पीळ उघडा पडतो. बारीक वायर असेल तर सोल्डर करून वर हीट श्रिंक चढवा. जाड वायर असेल तर योग्य मापाची तांब्याची नळी घालून प्लायरने दाबा, मग जोरात ओढून पाहा. स्क्रूच्या टर्मिनलमध्ये जाणाऱ्या टोकाला सोल्डर पाजू नका. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू चपटं होतं आणि स्क्रू ढिला पडतो.

नवी वायर घेताना एक धागा ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरा निघाला तर वायर ॲल्युमिनियमची आहे, वर फक्त तांब्याचा मुलामा. तिच्यातून करंट बराच कमी जातो, म्हणून एक माप जाड घ्या किंवा सरळ तांबंच मागा. जाडीही बाहेरून ठरवू नका, जाड रबरात बारीक तार लपवलेली असते. ८ गेज म्हणजे आतलं तांबं साधारण ८ चौरस मिलिमीटर, ४ गेज म्हणजे २१.

पावसाळ्यात उंदीर गाडीत शिरतात आणि कार्पेटखालच्या वायरी कुरतडतात. वायर एका जागी तुटलेली सापडली तरी पूर्ण लांबीवर हात फिरवा. उंदीर सहसा एकाच जागी चावून थांबत नाही.

रात्रीत बॅटरी उतरते तेव्हा

रिमोट वायर कुणीतरी थेट बॅटरीच्या प्लसला जोडलेली असते, मग अँप रात्रभर जागा राहतो. समजा तो नुसता जागा राहून १ अँपिअर खातो. दहा तासांत १० अँपिअर-तास गेले, आणि लहान गाडीची बॅटरीच ३५ अँपिअर-तासांची असते. दोन दिवस गाडी उभी राहिली की सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो. गाडी बंद करून, किल्ली काढून रिमोटवर व्होल्टेज मोजा. शून्य यायला हवं.

गेन

सगळं जोडून झालं की गेनची घुंडी पूर्ण फिरवायचा मोह होतो. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, स्टिरिओचा सिग्नल आणि अँप ह्यांची जुळणी आहे. सब सोडवा, अँपचा बेस बूस्ट शून्यावर ठेवा, गेन पूर्ण खाली करा. फोनवरून ५० हर्ट्झचा टोन लावा आणि स्टिरिओचा आवाज तुम्ही जास्तीत जास्त जिथपर्यंत नेता त्याच्या जरा आत, तीन-चतुर्थांशावर ठेवा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकर टर्मिनलवर धरा. किती व्होल्ट हवेत ते वॉट गुणिले ओहमचं वर्गमूळ काढून कळतं. ३०० वॉट, २ ओहम, म्हणजे ६०० चं वर्गमूळ, साडेचोवीस व्होल्ट. मीटर तिथे येईपर्यंत गेन हळू वर न्या आणि थांबा. वॉटचा आकडा अँप आणि सब ह्यांतला जो कमी असेल तो घ्या, आणि तो आरएमएसचा (सतत देता किंवा झेलता येणाऱ्या ताकदीचा) घ्या, खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला नव्हे. मग सब जोडा, लो पास (फक्त खालचे सूर जाऊ देणारी घुंडी) ८० हर्ट्झच्या जवळ ठेवा आणि गाणं लावा.

भाच्याने पुण्याला पोचल्यावर आठवड्याने फोन केला, सब वाजतोच आहे म्हणाला. मी त्याला डिक्की उघडून अर्थचा बोल्ट, अँपचे तिन्ही स्क्रू आणि फ्यूज होल्डरचे दोन स्क्रू पुन्हा एकदा आवळायला सांगितले. नवा जोड पहिल्या काही दिवसांच्या धक्क्यांनी आणि तापण्या-थंड होण्याने बसतो, थोडा सैलावतो. अर्धं वळण त्याला सापडलं, फ्यूजच्या स्क्रूत.